टोकेलाऊ : पाच मीटर उंचीच्या जमिनीवर हजार वर्षं

प्रश्न असा आहे : प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांची सगळी जमीन मिळून जेमतेम 12 चौ. किमी. नदी नाही, ओढा नाही, टेकडी नाही, विमानतळही नाही. मग तिथं माणूस हजार वर्षं टिकला कसा, आणि ही बेटं न्यूझीलंडकडे गेली कशी?

दोन्हींचं उत्तर जमिनीखालच्या पाण्यापासून सुरू करावं लागतं. टोकेलाऊचा इतिहास कप्तानांच्या आणि करारांच्या यादीतून वाचला तर अर्धाच कळतो. तिथलं पाणी, वाळू आणि माशांची वाटणी आधी समजली, की बाकीच्या तारखा आपापल्या जागी बसतात.

आधी जागा पाहू. सामोआच्या उत्तरेला सुमारे 500 किमीवर, 8 ते 10 अंश दक्षिण अक्षांशांत, अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन कंकणद्वीपं वायव्येकडून आग्नेयेकडे पसरली आहेत. अताफूहून नुकुनोनू 90 किमीच्या आसपास, तिथून फाकाओफो 60 किमीच्या पुढे. जमीन समुद्रसपाटीपासून तीन ते पाच मीटर आणि वर माडांची उंची, त्यामुळे बेट पंधरा-वीस किमीच्या पलीकडे गेलं की क्षितिजाखाली जातं. एका बेटावरून दुसरं दिसण्याचा प्रश्नच येत नाही. 2016 च्या जनगणनेत वस्ती दीड हजाराच्या आसपास होती. या एवढ्याशा जमिनीभोवतीचं टोकेलाऊचं सागरी क्षेत्र मात्र सुमारे 3 लाख 19 हजार चौ. किमी, म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राहून थोडं मोठंच. आजचं उत्पन्न कुठून येतं हे पाहताना हा आकडा लागेल.

(उच्चाराचं एक : त्यांच्या लिपीत जिथं ‘ग’ दिसतो, तिथं आवाज ‘वाङ्मय’मधल्या ङ चा असतो. पुढं येणारा ‘तौपुलेगा’ हा शब्द त्यामुळे तौपुलेङा असा वाचावा.)

कंकणद्वीप म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर वाढलेली प्रवाळाची कडा. डार्विनच्या 1842 च्या मांडणीनुसार ज्वालामुखी समुद्राबाहेर येतो, त्याच्या किनाऱ्याला प्रवाळ लागतात, डोंगर हळूहळू खचत जातो आणि प्रवाळ उजेडाच्या ओढीनं वरवर वाढत राहतात. शेवटी डोंगर दिसेनासा होतो, कडं उरतं आणि त्याच्या आत खारकच्छ, म्हणजे लगून. हे तपासायला शेजारच्या तुवालूमधल्या फुनाफुतीवर 1896 ते 1898 मध्ये भोक पाडलं, तर 340 मीटरच्या आसपास जाऊनही प्रवाळी चुनखडीच लागत राहिली. ज्वालामुखीचा खडक प्रत्यक्ष हाती आला तो 1952 मध्ये, मार्शल बेटांतल्या एनेवेटाकला, सव्वा किलोमीटरहून अधिक खोलीवर.

पण कडं तयार झालं म्हणजे राहायला जागा झाली असं नाही. कडं भरतीला पाण्याखालीच असतं. त्यावर वादळांनी प्रवाळाचे तुकडे फेकावे लागतात, वाळू साठावी लागते, मग झाडं धरतात. अशा प्रत्येक पट्टीला तिथं मोतू म्हणतात. या मोतूंचं वय अगदी कमी आहे. साधारण चार हजार वर्षांपूर्वी मध्य प्रशांतात समुद्र आजच्यापेक्षा एक ते दोन मीटर वर होता. नंतर तो उतरत गेला, प्रवाळाचं जुनं पठार उघडं पडलं आणि त्यावर साठलेला माल लाटांनी वाहून जायचा थांबला. सामोआ-टोंगात माणसं पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच पोचली होती, टोकेलाऊत मात्र वस्तीच्या खुणा हजारेक वर्षांच्याच मिळतात. होड्या नव्हत्या म्हणून उशीर झाला असं नाही, पाय ठेवायला टिकाऊ जमीन नव्हती म्हणून झाला. मला तरी हेच कारण सगळ्यांत पटतं.

मोतू समुद्राकडून खारकच्छाकडे चालत गेलं तर एकसारखं लागत नाही. बाहेर लाटा फुटतात ती शेवाळी चुन्याची कडक कडा; मग ओहोटीला उघडं पडणारं सपाट पठार; त्यानंतर जाड्याभरड्या प्रवाळ-तुकड्यांचा बांध. हा बांध बेटाची सगळ्यात उंच जागा. त्यामागे जमीन आतल्या बाजूला उतरते, मध्यभागी जवळपास बशीसारखी होते आणि खारकच्छाच्या काठाला बारीक वाळूवर संपते. माणसांची घरं बारीक वाळूकडे, अळूचे खड्डे मधल्या खोलगटीत आणि समुद्राकडच्या बांधावर माड. ही मांडणी सवयीनं आलेली नाही. वादळात पहिला मार खाणारा तो बांध फोडून कुणी घर बांधलं किंवा बांधकामासाठी तिथले तुकडे उचलले, की त्यामागची बशी उघडी पडते.

तिन्ही गावं कड्याच्या पश्चिम बाजूला आहेत हेही लक्षात ठेवा. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. पश्चिम बाजू आडोशाची. तिथं होडी उतरवता येते, वाळू बारीक असते, आणि त्या बारीक वाळूमुळेच पाणी टिकतं.

आता तो मुख्य मुद्दा. मोतूवर पडलेला पाऊस वाळूतून खाली झिरपतो आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. गोड्या पाण्याची घनता 1.000 धरली तर समुद्राच्या पाण्याची 1.025, या फरकातून चाळीसास एक असं प्रमाण निघतं. म्हणजे गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा 25 सेंमी वर असेल, तर त्याखाली दहा मीटर खोलीचा गोड्या पाण्याचा भिंगासारखा थर असायला हवा. कागदावर. प्रत्यक्षात दोन गोष्टी त्याला खातात. रोजची भरती-ओहोटी खालून धक्के देत राहते, त्यामुळे गोड्या-खाऱ्याची सीमा रेघेसारखी राहत नाही. मध्ये मचूळ पाण्याचा जाड थर तयार होतो, कित्येकदा गोड्या थराइतकाच जाड. दुसरं म्हणजे नव्या वाळूखाली 15 ते 25 मीटरवर जुनी, हिमयुगात उघडी पडून पोखरली गेलेली चुनखडी लागते. तिच्या पोकळ्यांतून समुद्र इतक्या सहज ये-जा करतो, की भिंग त्याच्या खाली जाऊच शकत नाही. मोतू अडीच-तीनशे मीटरपेक्षा अरुंद असेल तर वर्षभर टिकणारा गोडा थर बहुधा बनतच नाही. म्हणून कड्यावर डझनावारी मोतू असले तरी वस्तीचं गाव एक किंवा दोनच ठिकाणी दिसतं.

अशा जागी आड खणायचा तर जागा निवडताना खारकच्छाच्या बाजूची बारीक वाळू बघायची, बांधाकडचे भरड तुकडे टाळायचे. ओहोटीच्या वेळी खणायचं, आणि ओहोटीच्या पातळीखाली फार तर 30 ते 50 सेंमी जायचं. ‘आणखी खोल गेलो तर जास्त पाणी’ हा आपल्याकडचा अनुभव इथं उलटा पडतो : खोल गेलं की मचूळ थर जवळ येतो, आणि वरून उपसा वाढला की खारं पाणी शंकूसारखं उफाळून वर चढतं. पाण्याची पातळी उपशानं जितकी खाली जाईल त्याच्या कितीतरी पट खारी सीमा वर येते. गणित तेच, चाळीसाचं. एकदा आड खारटला की मोटर बंद करून आठवडे किंवा महिने वाट बघण्याखेरीज उपाय नाही. म्हणून एका खोल विहिरीपेक्षा दहा उथळ आड बरे, किंवा जमिनीलगत आडवी, भोकं पाडलेली नळी पुरून तिच्यातून पाणी हळूहळू ओढणं सगळ्यात बरं. तपासणी चवीवर सोडू नये. विद्युतवाहकता मोजायचं हातातलं यंत्र पुरतं. भरतीला आणि ओहोटीला दोन वेळा मोजायचं, आणि आकडा महिन्यागणिक चढत असेल तर चव बदलण्याआधीच उपसा कमी करायचा. आणि शौचाचा खड्डा किंवा डुकरांचा गोठा त्याच भिंगाच्या डोक्यावर नको. वाळूत गाळण होते असा समज असतो, पण भरड प्रवाळी वाळूतून घाण काही तासांत पाण्यापर्यंत जाते.

टोकेलाऊत जमिनीखालचं पाणी कधीच मुबलक नव्हतं. जुन्या काळी माडाच्या बुंध्यात पोकळी कोरून त्यात खोडावरून ओघळणारं पावसाचं पाणी साठवत. तहान बरीचशी शहाळ्यांवर भागे, आणि माडाचा कोंब कापून काढलेल्या रसावर. त्याला तिथं कालेवे म्हणतात. आपली नीरा-माडीच ती. आज पिण्याचं पाणी छपरावरून सिमेंटच्या टाक्यांत येतं. हिशेब सोपा आहे : 100 चौ. मी. पत्र्यावर 10 मिमी पाऊस म्हणजे एक हजार लिटर, त्यातलं 80 टक्के टाकीत आलं तर 800. वर्षाला अडीच हजार मिमी पाऊस धरला तर एका छपरातून दोन लाख लिटर, दिवसाला साडेपाचशे. सहा माणसांना भरपूर वाटतं. अडचण वर्षाच्या बेरजेची नसून सलग कोरड्या दिवसांची आहे. घराला रोज 300 लिटर लागत असतील आणि दोन महिने पाऊस लांबला, तर 18 हजार लिटर आधीच साठलेले हवेत. टाकी कमी पडते ती तिथं.

टाक्यांचा घात बहुधा क्षुल्लक गोष्टी करतात. पन्हळ मध्ये वाकली की अर्धं पाणी बाहेर सांडतं. खाऱ्या हवेत लोखंडी पन्हळ आणि तिचे हूक काही वर्षांत गंजतात. पहिल्या मिलिमीटरभर पावसाचं पाणी, म्हणजे 100 चौ. मी. छपराचे शंभरेक लिटर, वेगळं काढून टाकलं नाही तर पानं, पक्ष्यांची विष्ठा आणि मीठ टाकीत जातं. आणि टाकीचं काँक्रीट किनाऱ्याच्या न धुतलेल्या वाळूत कालवलं असेल तर वाळूतलं मीठ आतली सळई गंजवतं, गंज फुगतो, भिंतीला उभी भेग जाते. पाऊस भरपूर आणि टाकी रिकामी, अशी गंमत त्यातूनच होते.

ला नीन्याच्या वर्षांत या भागातला पावसाचा पट्टा सरकतो. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये टोकेलाऊला आणीबाणी जाहीर करावी लागली. पिण्याचं पाणी आठवडाभराचंही उरलं नव्हतं. अमेरिकी तटरक्षक दलाचं जहाज आणि न्यूझीलंडच्या सैन्याची पाणी गोडं करणारी यंत्रं यांनी पाणी पोचवलं.

वादळाची लाट मोतूवरून आरपार गेली तर नुकसान वेगळ्या जातीचं. खारं पाणी वरून शिरतं, जड असल्यानं भिंगातून खाली बुडत जातं, आणि अळूच्या खड्ड्यांत तळ्यासारखं साचून राहतं. 2005 च्या फेब्रुवारीत पर्सी चक्रीवादळ टोकेलाऊवरून आणि पुढे कूक बेटांतल्या पुकापुकावरून गेलं. पुकापुकाच्या भिंगातलं पाणी पुन्हा पिण्याजोगं व्हायला वर्षाच्या आतबाहेर काळ लागला. अशा वेळी साचलेलं खारं पाणी लगेच उपसून समुद्रात टाकायचं आणि भिंगाचा उपसा मात्र थांबवायचा. घाबरून दोन्हीकडे पंप लावले की खालचं उरलंसुरलं गोडं पाणीही जातं.

अळूचे खड्डे म्हणजे काय तेही सांगायला हवं. पुलाका हा माणसाच्या डोक्याच्या वर पानं जाणारा, दलदलीतला मोठा अळू. मोतूची माती जवळपास शुद्ध चुना. तिच्यात लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही, पानं पिवळी पडतात. म्हणून खड्डा गोड्या पाण्याच्या पातळीपर्यंत खणतात आणि त्यात वर्षानुवर्षं पाला कुजवून काळी माती ‘बनवतात’. तुवालू-किरिबातीकडे खड्ड्यात गंजके डबे पुरायची पद्धतही याच लोहासाठी आहे. खड्डा हीच बेटावरची सगळ्यात खालची जागा, त्यामुळे खाऱ्या पाण्याची पहिली खूण तिथं दिसते : पानांच्या कडा करपतात. बाकी नीरफणस, केळी, केवडा, माड आणि समुद्र.

समुद्रावर जायला होडी लागते आणि होडीला लाकूड. मोतूवर मोठं लाकूड म्हणजे कनावा, आपल्या भोकराच्या कुळातलं झाड. त्याचा सरळ लांब ओंडका मिळत नाही, म्हणून टोकेलाऊची उलांडीची होडी तुकडे सांधून, काथ्याच्या सुंभानं शिवून बनवलेली असते. त्याच लाकडाचा तुलुमा हा झाकणाचा, पाणी न शिरणारा डबा. मासेमाराचे गळ-दोऱ्या त्यात राहतात आणि होडी उलटली तरी तो तरंगतो. कुप्याचे (ट्यूनाचे) थवे दिवसा, खोल पाण्यातला तेलकट पालू रात्री, लाकडी गळावर. या सगळ्याचा जाणता तो तौतई. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा.

आणि आणलेल्या माशांचं काय होतं, यावरच टोकेलाऊ टिकलं. त्या पद्धतीचं नाव इनाती. गावाच्या मोहिमेतून आलेले मासे किनाऱ्याजवळच्या ठरलेल्या जागी ओतले जातात, जात आणि आकार बघून लावले जातात आणि वाटप करणारे कुटुंबगटांच्या क्रमानं ढीग घालत जातात. ढीग ठरतो गटात माणसं किती यावर. होडीत कोण होतं, कुणी किती मारले, याचा ढिगाशी संबंध नाही. म्हातारी, विधवा, पाळण्यातलं पोर, सगळ्यांचा वाटा निघतो. कासव आणि मोठा भाला-मासा तर एकट्यानं पकडला तरी खासगी राहत नाही, तो गावाचाच. बाहेरचे लोक याला भाबडी समता समजतात. खरं तर हा विमा आहे. दीड हजार माणसांच्या आणि पाच मीटर उंचीच्या जगात कोणत्या घराचा कर्ता पुढच्या आठवड्यात नसेल हे सांगता येत नाही, आणि शेजारच्या गावाकडे मागायला गेलं तर वाटेत साठ-नव्वद किमी समुद्र. याच्या जोडीला लाफू : एखादा मोतू किंवा खडकाचा भाग गावानं ठरवून बंद ठेवायचा आणि ठरल्या दिवशीच उघडायचा.

युरोपियन येण्याआधी तिन्हींत फाकाओफो वरचढ होतं. तिथल्या राजघराण्यानं नुकुनोनूला अंकित केलं, अताफूच्या लोकांना हुसकावलं. नंतर तोनुईआ नावाच्या पुरुषाच्या कुळानं फाकाओफोहून येऊन अताफू पुन्हा वसवलं. तुई टोकेलाऊ हे दैवत फाकाओफोला, चटयांत गुंडाळलेल्या प्रवाळशिळेच्या रूपात. 1765 च्या जूनमध्ये जॉन बायरन या ब्रिटिश कप्तानाला अताफू निर्मनुष्य दिसलं, त्याचा अर्थ हा मागचा इतिहास धरून लावावा लागतो. 1791 मध्ये ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावरच्या बंडखोरांना शोधणाऱ्या ‘पँडोरा’ जहाजानं अताफू आणि नुकुनोनू पाहिलं. फाकाओफो सर्वांत शेवटी, 1835 मध्ये, एका अमेरिकी व्हेलशिकारी जहाजाला दिसलं. 1841 मध्ये विल्क्सच्या अमेरिकी मोहिमेनं भाषेच्या आणि लोकांच्या पहिल्या नीट नोंदी केल्या.

धर्म आला तो वेगवेगळ्या वाटांनी, म्हणून आजही अताफू प्रॉटेस्टंट, नुकुनोनू कॅथलिक आणि फाकाओफो दोन्ही. अताफूला 1861 मध्ये लंडन मिशनचे सामोअन शिक्षक उतरले. कॅथलिक पंथ उवेआ, म्हणजे वॉलिस बेटावरून परतलेल्या लोकांबरोबर आला. बायबल सामोअन भाषेतलं असल्यानं पुढची शंभर वर्षं लिहिण्याची भाषा सामोअनच राहिली.

1863 हे वर्ष मात्र तिथल्या लोकांच्या स्मरणात सगळ्यात खोल रुतलेलं आहे. पेरूची मजूर पकडणारी जहाजं पॉलिनेशियात फिरत होती. टोकेलाऊतून त्यांनी 250 च्या वर माणसं नेली, म्हणजे तिन्ही बेटांच्या लोकसंख्येची जवळपास निम्मी, आणि त्यांत बहुतेक धडधाकट पुरुष. जहाजांनी मागे आमांशही सोडला. नेलेल्यांपैकी जवळजवळ कुणी परतलं नाही. पेरूनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये हा व्यापार बंद केला, पण परत पाठवणाऱ्या जहाजांवर देवीची साथ होती.

पुरुष गेले म्हणजे तौतई गेले, होडी शिवणारे गेले, माडावर चढणारे गेले. मागं राहिलेल्यांनी इनाती मोडली नाही; तिच्याशिवाय त्या बायका-मुलांना जेवायला मिळालंच नसतं. पुढच्या दशकांत सामोआ, तुवालू, उवेआ आणि थेट पोर्तुगाल, जर्मनी, स्कॉटलंडकडचे पुरुष येऊन इथं लग्नं करून राहिले. आजच्या टोकेलाऊ घराण्यांत पोर्तुगीज आडनाव दिसलं तर नवल मानू नका.

मालकीची कथा थोडक्यात. ब्रिटननं 1889 मध्ये संरक्षणाखाली घेतलं, 1916 मध्ये गिल्बर्ट आणि एलिस (आजचे किरिबाती आणि तुवालू) वसाहतीला जोडलं. तिथून कारभार करणं लांब पडतं म्हणून 1925-26 मध्ये तो न्यूझीलंडकडे सोपवला. 1949 पासून टोकेलाऊ न्यूझीलंडचाच भूभाग आहे. चौथं बेट ओलोहेगा, म्हणजे नकाशावरचं स्वेन्स, 1856 पासून एका अमेरिकी कुटुंबाच्या ताब्यात होतं. 1925 मध्ये ते अमेरिकन सामोआत गेलं. 1980 च्या तोकेहेगा करारात टोकेलाऊनं त्यावरचा आणि अमेरिकेनं या तीन बेटांवरचा दावा सोडला. सागरी हद्द आखायची म्हणून हा सौदा झाला. टोकेलाऊतल्या अनेकांना तो अजून सलतो, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

1966 च्या जानेवारीतल्या वादळानंतर न्यूझीलंड सरकारनं लोकांना तिकडे वसवायची योजना सुरू केली. ती 1976 मध्ये थांबली, पण वाट रुळली ती रुळलीच. 2018 च्या न्यूझीलंड जनगणनेत स्वतःला टोकेलाऊचे म्हणवणारे 8,676 होते. म्हणजे बेटांवर एक, तर पोरिरुआ, हट खोरं आणि ऑकलंड धरून बाहेर पाच-सहा.

स्वराज्याचा कौल दोनदा घेतला. न्यूझीलंडशी मुक्त सहयोगात स्वशासन असा प्रस्ताव, दोन-तृतीयांश मतांची अट. 2006 मध्ये 60 टक्के पडली. 2007 मध्ये 446 विरुद्ध 246. हवी होती 462. सोळा मतांनी राहिलं. स्वराज्याला इतक्या शांतपणे ‘अजून नको’ म्हणणारे लोक क्वचितच सापडतील. मात्र आतला कारभार आधीपासून गावांकडेच आहे : प्रत्येक बेटाची वडीलधाऱ्यांची सभा तौपुलेगा, एक फाइपुले, म्हणजे बेटाचा निवडलेला नेता, आणि तीन फाइपुले आळीपाळीनं वर्षभर देशाचे प्रमुख. राजधानी नाही, प्रमुख ज्या बेटाचा, तिथं त्या वर्षी मुख्य गाव.

पैसा येतो न्यूझीलंडच्या मदतीतून आणि त्या महाराष्ट्राएवढ्या समुद्रात कुपा पकडणाऱ्या परदेशी जहाजांच्या परवान्यांतून. ‘.टीके’ या इंटरनेट पत्त्यानंही काही वर्षं हातभार लावला. वीज 2012 मध्ये डिझेलवरून सूर्यावर गेली : तिन्ही बेटांवर मिळून 4,032 पॅनेल आणि 1,344 बॅटऱ्या. त्यामागे पर्यावरणापेक्षा डिझेलच्या पिंपांचा व्यवहार मोठा होता. तिन्ही कड्यांना जहाज आत जाईल अशी वाट नाही, त्यामुळे सामोआची राजधानी आपियाहून एक दिवसाहून जास्त प्रवास करून आलेलं जहाज बाहेर थांबतं आणि प्रत्येक पिंप, प्रत्येक पोतं, प्रत्येक आजारी माणूस बोटीतून, कड्यात सुरुंगानं पाडलेल्या अरुंद चिरीतून न्यावा लागतो. बोट बाहेर थांबून मोठ्या लाटांचा गट जाऊ देते आणि मधल्या शांत क्षणी आत घुसते. या चिरीची किंमतही आहे : पठारावरचं पाणी आणि त्याबरोबर वाळू तिच्यातून खोल समुद्रात निसटते.

‘बेटं बुडणार का’ हा उपप्रश्न नेहमी येतो. मोतू हलतो, आकार बदलतो, एका बाजूला झिजतो आणि दुसऱ्या बाजूला वाढतो. तुवालूच्या हवाई छायाचित्रांत 1971 ते 2014 मध्ये एकूण जमीन सुमारे तीन टक्के वाढलेली दिसली. 1972 च्या बेबी वादळानं फुनाफुतीवर एका रात्रीत अठराएक किमी लांबीचा प्रवाळ-तुकड्यांचा बांध उभा केला. वादळ मोडतं तसं घडवतंही. पण यावरून निश्चिंत होणं चूक आहे : मोतूला हलायची मोकळीक असेल तरच तो तगतो, आणि गावाला हलता येत नाही. भिंत बांधली की लाट आपटून मागे फिरते, पायथ्याची वाळू खरवडून नेते, भिंत पुढे कलते. जाळीत दगड भरून रचलेल्या भिंतीची तार खाऱ्या पाण्यात काही वर्षांतच तुटते. आणि भिंतीवरून आलेलं पाणी परत जायला वाट नसेल तर ते गावातच, म्हणजे भिंगाच्या डोक्यावर, साचतं. भिंत बांधायचीच तर तिला उतार हवा, मागे निचऱ्याची वाट हवी, आणि तिच्यासाठीचा दगड समोरच्या बांधातून काढायचा नाही.

फाकाओफोचं फाले हे मोतू इतकं दाट वसलेलं आहे की घरांना घरं लागतात, आणि बराच किनारा भिंतींनी बांधलेला आहे. डुकरं खडकाच्या पठारावर ठेवलेली असतात. ती ओहोटीला पाण्यात उतरून खाणं शोधतात. गर्दी कमी करायला 1960 मध्ये जवळच्या फेनुआफाला या मोठ्या मोतूवर दुसरी वस्ती उभारली, शाळा आणि दवाखाना तिकडेच नेला. फाले तरीही रिकामं झालं नाही. मुलं रोज शाळेसाठी आडोशाच्या पाण्यातून बोटीनं पलीकडे जातात.